‘बोंजूर’पुढे ‘हाय’ नको

३० नोव्हेंबर २०१७ रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या विधानसभेत एक ठराव एकमताने मंजूर झाला. बाजूने १११, विरोधात शून्य. विषय युद्धाचा नव्हता, दुष्काळाचा नव्हता, आमदारांच्या पगारवाढीचाही नव्हता (एवढं एकमत आपल्याकडे त्याच विषयावर होतं). दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला प्रेमाने ‘बोंजूर’ म्हणावं, अशी विनंती त्या ठरावात होती. मॉन्ट्रियलचे दुकानदार ‘बोंजूर-हाय’ म्हणतात. समोरचा फ्रेंच बोलणारा की इंग्रजी, हे तोंडावरून कळत नाही. तेव्हा वैद्याने दोन पुड्या बांधून द्याव्यात तसे दोन नमस्कार एकदम द्यायचे, ज्याला जो लागू पडेल तो. विधानसभेचा राग त्यातल्या ‘हाय’वर. मूळ मसुद्यात ‘बोंजूर-हाय’ला त्रासदायक म्हटलं होतं. सत्ताधाऱ्यांनी तेवढं विशेषण काढायला लावलं आणि मग सगळे हात वर झाले.

दुकानदारांनी काय केलं? ‘बोंजूर-हाय’ म्हणत राहिले. २०१९मध्ये एका मंत्र्याने या ‘हाय’वर बंदीचं सूतोवाच केलं आणि काही दिवसांतच ते गिळलं. डिसेंबरात विधानसभेने पुन्हा एक ठराव केला. तोही एकमताने.

कॅनडा हा द्विभाषिक देश आहे, असं कॅनडाचं सरकार दोन भाषांत सांगतं. १९६९पासून तसा कायदाच आहे. पिअर ट्रुडो तेव्हा पंतप्रधान होते. २०२१च्या जनगणनेत इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत बोलू शकणारे निघाले १८ टक्के. क्युबेक वगळून मोजलं तर ९.५ टक्के. एकट्या क्युबेकात ४६.४ टक्के. म्हणजे द्विभाषिक असण्याचे कष्ट ज्या प्रांताने अंगावर घेतलेत, तोच प्रांत कागदोपत्री एकभाषिक आहे: तिथली राजभाषा फक्त फ्रेंच. आणि उरलेला देश कागदोपत्री द्विभाषिक आहे, कारण त्याच्याकडे कागद भरपूर आहेत.

क्युबेकच्या भाषा-पोलिसांवर हसणं हा इंग्रजी वर्तमानपत्रांचा जुना आवडता छंद. आपणही हसणार आहोत, सोडणार नाही. पण हसण्याआधी १९६१ सालाकडे एकदा बघून यावं. केंद्र सरकारने नेमलेल्या द्विभाषिकता आयोगाने त्या वर्षाचे मिळकतीचे आकडे तपासले. क्युबेकात लोकसंख्येच्या सुमारे ८० टक्के असलेले फ्रेंच भाषक मिळकतीच्या यादीत १४ समाजांमध्ये १२वे निघाले. त्यांच्या खाली इटलीहून आलेले मजूर आणि मूळ रहिवासी, एवढेच. आपल्याच घरात, आपल्याच बहुमतात, खालून तिसरे! १९६२मध्ये सरकारी रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांना, डोनाल्ड गॉर्डन यांना, संसदेच्या समितीने विचारलं की तुमच्या १७ उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन कसा नाही. बढत्या गुणवत्तेवर होतात, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. गुणवत्ता ही फार सोयीची वस्तू आहे. ती नेहमी तपासणाऱ्याच्याच भाषेत आढळते. मॉन्ट्रियलच्या विद्यार्थ्यांनी साहेबांचा पुतळा जाळला.

त्या काळात मॉन्ट्रियलच्या मोठ्या दुकानांत विक्रेती बाई फ्रेंच समजत नसल्याचं सांगायची आणि शहरातलं बहुसंख्य गिऱ्हाईक निमूटपणे मोडक्या इंग्रजीत मोजे मागायचं. रस्त्यात कुणी फ्रेंच बोलताना सापडला तर ‘गोऱ्यांची भाषा बोल’ असं सुनावलं जायचं. बोलणारा आणि सुनावणारा, दोघेही गोरेच. मुंबईत दुकानदाराशी आपण होऊन हिंदीत सुरुवात करणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नसावी.

तर १९७७च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, कायदा क्रमांक १०१. मुख्यमंत्री रेने लेवेक. भाषेसाठी कायदा करावा लागतो याचीच त्यांना मनातून लाज वाटायची. कायदा लिहिणारे मंत्री कामीय लोराँ यांना तसा संकोच नव्हता. ते पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी अख्खा प्रांत पेशंट म्हणून घेतला. न्यूनगंड हा आजार, फ्रेंच हे औषध, आणि डोस सरकार ठरवणार. कारखान्यात फ्रेंच, कचेरीत फ्रेंच, पाटीवर फक्त फ्रेंच. आणि शाळेत फ्रेंच.

या शेवटच्या कलमाशी जरा थांबू या, कारण बाकी कलमांवर विनोद होतात आणि या एकट्यावर होत नाहीत. तोवर क्युबेकात येणारे इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज आपली पोरं इंग्रजी शाळेत घालत. साहजिक होतं, मालक इंग्रजीत बोलतो हे त्यांना बोटीतून उतरल्या उतरल्या कळत असे. १९६८-६९मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लेओनार या उपनगरात याच प्रश्नावर इटालियन आणि फ्रेंच पालक रस्त्यावर भिडले. कायद्याने सांगितलं: इंग्रजी सरकारी शाळेत त्याच मुलाला प्रवेश, ज्याच्या आईचं किंवा वडिलांचं शिक्षण इंग्रजीतून झालंय. तेही आधी क्युबेकातच झालेलं हवं होतं. कोर्टांनी पुढे ते कॅनडात कुठेही झालेलं चालेल असं केलं. बाकी सगळे फ्रेंच शाळेत. निर्वासित असो, इंजिनिअर असो, तामीळ असो, व्हिएतनामी असो. पन्नास वर्षांपूर्वी नवागतांची बहुसंख्य मुलं इंग्रजी शाळेत होती. आज दहातली सुमारे नऊ फ्रेंच शाळेत आहेत. ‘१०१ची मुलं’ असं त्यांना म्हणतात. ती आपसांत फ्रेंचमध्ये भांडतात, आणि भाषा जगली की नाही हे बघायला याहून चांगली परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

एवढं करून सरकारने घरी जायला हरकत नव्हती. पण शाळेचं फळ यायला पंधरा वर्षं लागतात आणि निवडणूक चार वर्षांनी येते. पाटी मात्र एका दुपारीत बदलता येते आणि तिच्यासमोर फोटोही काढता येतो.

मग सुरू झाली पाट्यांची गाथा. ईटन्स या मोठ्या दुकानाच्या नावातला ‘स’ गेला, कारण तो इंग्रजी षष्ठीचा होता. मॉन्ट्रियलच्या पश्चिमेला एका बाईंचं लोकरीचं दुकान होतं. पाटीवर ‘लोकर’ हा शब्द फ्रेंचमध्येही लिहिलेला आणि इंग्रजीतही. इंग्रजी लोकर बेकायदा ठरली. हा फोर्ड खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८८मध्ये न्यायालयाने सांगितलं की फ्रेंच ठळक ठेवायला लावा, पण दुसरी भाषा पुसून टाकायला लावू नका. शहाणा निकाल होता. मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी काही दिवसांतच राज्यघटनेतलं ‘तरीही’चं कलम बाहेर काढलं. हे कलम म्हणजे कॅनडाच्या घटनेतली फारच प्रामाणिक तरतूद आहे. काही मूलभूत हक्क तुम्हाला आहेत. तरीही विधिमंडळाने ठरवलं तर पाच वर्षं नाहीत, आणि पाच वर्षांनी पुन्हा ठरवता येईल. आपल्याकडे असं लिहून ठेवलेलं नाही. मग तोडगा निघाला: दुकानाच्या बाहेर फक्त फ्रेंच, आत दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंचपेक्षा बारीक.

यावर तीन इंग्रजी भाषक थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. त्यातला एक अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा. त्याच्या इंग्रजी पाटीवर नोटीस आली होती. मेलेल्याला भाषा नसते, पण त्याला न्यायला येणाऱ्याला असते. १९९३मध्ये समितीने निकाल दिला आणि तो दोन्हीकडच्यांना घशात अडकला. पाटीवर बंदी घालणं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं समितीने क्युबेकला बजावलं. आणि इंग्रजी भाषकांना सांगितलं की तुम्ही अल्पसंख्याक नाही. अल्पसंख्याक कोण हे देशावरून ठरतं, प्रांतावरून नव्हे, आणि देशात तुम्ही बहुसंख्य आहात. अल्पसंख्याक असल्याचं प्रमाणपत्र आणायला जिनिव्हाला जावं आणि बहुसंख्य असल्याचा शिक्का घेऊन परत यावं! त्याच वर्षी क्युबेकने कायदा सैल केला: इतर भाषा चालतील, फ्रेंच ठळकपणे मोठी हवी. म्हणजे पाच वर्षांपूर्वी न्यायालयाने जे सांगितलं होतं तेच.

यानंतर काही वर्षं शांततेत जातील असं वाटत होतं. पण भाषा खात्याला निरीक्षक असतात आणि निरीक्षकांना महिनाअखेर अहवाल द्यावा लागतो. १९९६मध्ये ज्यू लोकांच्या सणाच्या तोंडावर मात्झोच्या, म्हणजे त्यांच्या बेखमिरी भाकरीच्या, खोक्यांवर इंग्रजीच मजकूर असल्याचं आढळलं. माल फळ्यांवरून खाली. फेब्रुवारी २०१३मध्ये मॉन्ट्रियलच्या एका इटालियन उपाहारगृहाला पत्र आलं की तुमच्या मेनूत ‘पास्ता’ हा परकीय शब्द आहे. पास्त्याला पास्ता म्हटलं म्हणून खुलासा द्यावा लागणारं ते बहुधा जगातलं पहिलं हॉटेल असावं. जगभर हसू झालं. खात्याने अतिउत्साह झाल्याचं कबूल केलं आणि मार्चमध्ये खात्याच्या प्रमुख बाईंनी राजीनामा दिला. पास्ता मेनूतच राहिला.

२०२५च्या एप्रिलची गोष्ट. मॉन्ट्रियलच्या हॉकी संघाला प्रोत्साहन म्हणून शहराच्या बसवर ‘गो! कॅनेडियन्स गो!’ असं झळकायचं. कुणीतरी तक्रार केली, भाषा खात्याने लक्ष घातलं, परिवहन मंडळाने ‘गो’ काढून त्याचं फ्रेंच, ‘आले’, टाकलं. संघ प्लेऑफच्या तोंडाशी, शहरभर संताप. शेवटी खुद्द भाषामंत्री धावत आले आणि म्हणाले की ‘गो हॅब्ज गो’ (हॅब्ज म्हणजे हाच संघ) ही आपली परंपराच आहे, तिला हात लावायचा नाही. बघा, हॉकीपुढे फ्रेंचही नमते. आणि ज्या फ्रान्ससाठी हा जीव टाकायचा, त्या फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल फलकावर खुशाल ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं आणि तळलेली अमेरिकन कोंबडी ‘केएफसी’ याच नावाने विकली जाते. क्युबेकात फलकावर ‘आरे’, आणि कोंबडी ‘पीएफके’. पॅरिसच्या माणसाला याचं हसू येतं. येऊ दे. त्याच्या गावाला चहूबाजूंनी तीस-पस्तीस कोटी इंग्रजी बोलणाऱ्यांनी वेढलेलं नाही.

हे झालं क्युबेकचं. आता इंग्रजी कॅनडाकडे वळू, कारण तो या सगळ्यावर हसताना आपली जुनी वही लपवतो.

मॅनिटोबा प्रांत १८७०मध्ये स्थापन झाला तेव्हा तिथे दोन्ही भाषा अधिकृत होत्या. १८९०मध्ये विधानसभेने एका फटक्यात फ्रेंच काढून टाकली. कुणी हसलं नाही, राजीनामा दिला नाही, जगात बातमी झाली नाही. पुढे १९१६मध्ये दुभाषी शाळाही बंद. ओंटारिओने १९१२मध्ये ‘नियम १७’ आणला: फ्रेंचमधून शिकवायचं ते पहिल्या दोन वर्षांपुरतं. ऑटवातल्या गिग शाळेच्या दारात १९१६च्या जानेवारीत फ्रेंच आया टोप्यांना लावायच्या लांब पिना हातात घेऊन पहाऱ्याला उभ्या राहिल्या, आणि दोन शिक्षिका आत फ्रेंच शिकवत राहिल्या. पोलिसांना पिना लागल्या. तो नियम मागे घ्यायला १९२७ उजाडलं. शाळा मारली की भाषा मरते, हे इंग्रजी प्रांतांना क्युबेकच्या साठ वर्षं आधी ठाऊक होतं. लोराँसाहेबांनी औषध शोधलं असं म्हणतात. विष आधीच बाजारात होतं.

मॅनिटोबाचा शेवट मात्र झकास आहे. १९७६मध्ये विनिपेगच्या सँ-बोनिफास भागातल्या जॉर्ज फॉरे यांना गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल पाच डॉलरच्या दंडाची पावती मिळाली. पावती फक्त इंग्रजीत. फॉरे म्हणाले, पैशाचं सोडा, पावती फ्रेंचमध्येही द्या. पाच डॉलरसाठी गडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९मध्ये न्यायालयाने १८९०चा कायदा घटनाबाह्य ठरवला. १९८५मध्ये त्याच न्यायालयाने तर्क शेवटापर्यंत नेला: १८९०पासून फक्त इंग्रजीत केलेले मॅनिटोबाचे सगळे कायदे रद्दबातल! पंच्याण्णव वर्षांचे! मग प्रांतात कायदाच उरणार नाही हे लक्षात आल्यावर, भाषांतर पूर्ण होईपर्यंत ते तात्पुरते चालू ठेवावेत अशी मुभा दिली. अनुवादकांची एवढी भरभराट इतिहासात क्वचितच झाली असेल. पावतीवर एक फ्रेंच ओळ छापली असती तर किती खर्च आला असता, हा हिशेब प्रांताने कधी प्रसिद्ध केला नाही.

केंद्राच्या द्विभाषिकतेची राखणही अशीच एकेकटी चिवट माणसं करतात. मिशेल तिबोदो या गृहस्थांनी २०००मध्ये एअर कॅनडाच्या विमानात फ्रेंचमध्ये सेव्हन-अप मागितलं आणि हवाईसेविकेला ते कळलं नाही. तिथून जे खटले सुरू झाले ते एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंतही जाऊन आले. २०१९मध्ये तिबोदो दांपत्याला २१ हजार डॉलर भरपाई मिळाली. कारणांपैकी एक म्हणजे सीटबेल्टच्या बकलवर ‘उचला’ हे फक्त इंग्रजीत लिहिलं होतं. लोक त्यांना विक्षिप्त म्हणतात. म्हणोत बापडे. त्याच एअर कॅनडाच्या मुख्याधिकाऱ्याने २०२१मध्ये मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांपुढे जवळपास सगळं भाषण इंग्रजीत ठोकलं आणि वर पत्रकारांना सांगितलं की चौदा वर्षं या शहरात फ्रेंचवाचून माझं काही अडलं नाही, हे या शहराला भूषणच आहे. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. कंपनीचं मुख्यालय कायद्याने मॉन्ट्रियलमध्येच ठेवावं लागतं. मुख्याधिकाऱ्याची जीभ कुठे ठेवावी याबद्दल कायदा गप्प आहे.

आणि त्याच वर्षी द्विभाषिक कॅनडाची खरी फजिती झाली. मेरी सायमन या इनुइट बाई गव्हर्नर जनरल झाल्या. मूळ रहिवाशांमधून त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्याच. बाई दुभाषी: इंग्रजी येते, इनुक्टिटुट येते. फ्रेंच येत नाही. भाषा आयुक्तांकडे हजारावर तक्रारी गेल्या की द्विभाषिक देशाचा प्रमुख प्रतिनिधी द्विभाषिक नाही. बाईंचा जन्म कुठला? उत्तर क्युबेकचा. शिकल्या कुठे? केंद्र सरकारच्या शाळेत. तिथे फ्रेंच शिकायची सोयच दिली नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सरकारने शाळेत फ्रेंच दिली नाही आणि साठ वर्षांनी नेमणुकीच्या वेळी फ्रेंच मागितली. दोन भाषा येणं पुरेसं नाही. त्या दोन्ही विलायतेहून आलेल्या असाव्या लागतात.

सत्तरहून जास्त मूळ भाषा आहेत त्या देशात. निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुलं कोंबून त्यांच्या तोंडातून त्या काढून घेतल्या गेल्या. कुठे इंग्रजी घालून, कुठे फ्रेंच. या कामात दोन्ही ‘संस्थापक’ समाजांचं एकमत ठरावाशिवाय झालं होतं. मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे काहनवाके ही मोहॉक वस्ती आहे. १९७७चा कायदा आला तेव्हा तिथल्या मुलांना इंग्रजी शाळेत बसायला पात्रतेचा दाखला मागितला गेला. मुलं शाळेतून उठून बाहेर पडली आणि १९७८मध्ये त्यांच्या समाजाने स्वतःची शाळा काढली. नाव ठेवलं सर्व्हायव्हल स्कूल. म्हणजे तगून राहण्याची शाळा. मोहॉकांचं म्हणणं साधं होतं: आमची भाषा तुम्ही दोघांनी मिळून घालवली, आता उरलेल्या दोघांपैकी कुणाची बोलायची हे तरी तुम्ही का ठरवता? क्युबेक सरकारला हे म्हणणं समजायला हरकत नव्हती. १९७७पर्यंत ते स्वतः हेच म्हणत होते.

२०२२मध्ये क्युबेकने कायदा आणखी आवळला. क्रमांक ९६. मुख्यमंत्री फ्रान्स्वा लेगो. नव्याने आलेल्या माणसाशी सहा महिन्यांनंतर सरकार फ्रेंचमध्येच बोलेल. आरोग्य, सुरक्षितता वगैरे अपवाद सोडून. इंग्रजी महाविद्यालयांच्या जागांवर मर्यादा. जून २०२५पासून दुकानाच्या पाटीवर फ्रेंच मजकुराला दुसऱ्या भाषेच्या दुप्पट जागा. निरीक्षकांच्या हातात आता मोजपट्टी आली. काहनवाकेत पुन्हा निदर्शनं झाली. लेगो सरकारची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही लिहायला हवं: घरात मुख्यतः फ्रेंच बोलणारे क्युबेकात २०१६मध्ये ७९ टक्के होते, २०२१मध्ये ७७.५. पण शाळेतून निघालेला ‘१०१चा मुलगा’ घरी आईशी बंगालीत बोलला म्हणून तोही या घसरणीतच मोजला जातो. बाहेर फ्रेंचमध्ये भांडून, नोकरी करून, प्रेमात पडून तो रात्री आईकडे जेवायला मागतो आणि सरकारच्या आकड्यातून गळतो. आयांच्या स्वयंपाकघरावर पाटी लावायचा कायदा अजून आलेला नाही. क्रमांक शिल्लक आहेत.

आता आपल्याकडे वळायला हरकत नाही, कारण आपला माणूस तिथे पोहोचलेलाच आहे.

पुण्याहून मॉन्ट्रियलला कायमचा राहायला गेलेल्या मराठी जोडप्याला पहिल्याच महिन्यात कळतं की पोराला सरकारी इंग्रजी शाळा मिळणार नाही. आई-बाप इंग्रजी माध्यमातले असले तरी ते कॅनडातलं नव्हे, कोथरूडमधलं. पोरगं फ्रेंच शाळेत. आणि गंमत अशी की कुणी कुरकुर करत नाही. मोर्चा नाही, ‘पोराचं पुढे कसं होणार’ नाही, ‘जगाची भाषा’ नाही. उलट सहा महिन्यांनी आजीला व्हिडिओ येतो: बघा, कसं फाडफाड फ्रेंच बोलतो! हेच जोडपं पुण्यात असतं आणि सरकारने म्हटलं असतं की इथे राहायचं तर पहिली ते दहावी मराठी शाळा, तर दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयात याचिका असती. सक्ती आपल्याला मुळीच नकोशी नाही. फक्त ती परक्या सरकारची हवी.

आपण पाट्या घेतल्या. २०२२मध्ये कायदा दुरुस्त केला: मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना दोन महिने दिले आणि पाट्या बदला म्हणून सुनावलं. पाट्या बदलल्या. ‘द क्लासिक कॉफी लाउंज’ हे ‘द क्लासिक कॉफी लाउंज’ असं देवनागरीत, भलं मोठं झालं. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळा वर्षानुवर्षं घटत गेल्या, त्यांना दोन महिन्यांची मुदत कुणी दिली नाही. १९६४च्या कायद्याने मराठी राजभाषा आहे, २०२४पासून अभिजातही आहे. क्युबेकने आधी शाळा धरली आणि मग पाट्यांवर वेळ घालवला. आपण थेट दुसऱ्या भागापासून सुरुवात केली आणि तिथेच रमलो. मराठी शाळा चांगली, फुकट आणि जवळ असेल, तिथे शिकलेल्याला नोकरी मराठीत मिळेल, एवढं केलं तर पाट्या आपोआप बदलतील. पण त्यात काळं फासायला काही मिळत नाही, ही मोठीच अडचण आहे.

तूर्त पुण्या-मुंबईत तेजी आहे ती फ्रेंचच्या क्लासना. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी सोडत सुरू केली. २१ मार्च २०२५च्या सोडतीत अशा साडेसात हजार जणांना बोलावणं गेलं, ३७९ गुणांवर. त्याच सुमारास कॅनडात राहून, काम करून, बर्फ उपसून अनुभव मिळवलेल्यांना पाचशेच्या वर गुण लागत होते. तेव्हा अभियंते, नर्स, हिशेबनीस सगळे रात्री जेवणानंतर फ्रेंच क्रियापदं चालवताहेत. ज्यांच्या घरी मुलाला मराठीतले आकडे समजत नाहीत ते फ्रेंचमध्ये ‘चार-वीस-दहा-सात’ म्हणजे सत्त्याण्णव हे पाठ करताहेत. आमच्या ‘सत्त्याण्णव’ला अवघड म्हणणारे हेच!

क्लास लावणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र अर्ज भरण्याआधी वाचून ठेवावी. क्युबेक आपली माणसं स्वतः निवडतं; १९९१च्या करारानुसार ते काम त्याच्याकडे आहे. ज्या केंद्रीय यादीसाठी तुम्ही फ्रेंच शिकताय, तिच्या अर्जात क्युबेकच्या बाहेर राहण्याचा इरादा कळवावा लागतो.